तीन महिन्यांचे पिल्लू, देवघर आणि चौघांचे चार नियम

निशिगंध (पुणे):

नमस्कार. महिन्याभरापूर्वी आमच्या घरी देशी कुत्र्याचे एक पिल्लू आले. आले तेव्हा ते दोन महिन्यांचे होते, आता तीन महिन्यांचे झाले आहे. अंगाने काळेभोर असल्यामुळे मुलीने त्याचे नाव भुंगा ठेवले. घरात मी, यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी असे चौघे आहोत. फ्लॅट लहान असल्याने देवघर स्वयंपाकघरातच, एका चौरंगावर आहे.

गेल्या गुरुवारी सासूबाई निरांजनाची तयारी करून फुले काढण्यासाठी बाल्कनीत गेल्या, आणि तेवढ्या दोन मिनिटांत भुंग्याने तबकातल्या तुपात भिजवलेल्या सहा फुलवाती पळवल्या. चार सोफ्याखाली अर्धवट चघळलेल्या सापडल्या, दोन त्याच्या पोटात गेल्या. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितले होते. सुदैवाने दुसऱ्या दिवशी त्या बाहेर पडल्या.

तेव्हापासून त्याला कुठे येऊ द्यावे यावर घरात एकमत होत नाही. सासूबाईंना तो मनापासून आवडतो, परंतु स्वयंपाकघरात नको आहे. यजमान म्हणतात, लहान आहे, मोठा झाला की कळेल, आणि जेवताना पानातला पोळीचा तुकडा त्याला देतात. मुलगी त्याला अंथरुणात घेते. संध्याकाळी तो हातांना आणि ओढणीला इतका चावतो की मी रागावते, आणि सासूबाई वर्तमानपत्राची गुंडाळी उगारतात. इतक्या लहान वयात त्याला मर्यादा शिकवता येतात का, आणि सुरुवात कुठून करावी?

चाफेकळी (ठाणे):

मर्यादा आजपासूनच शिकवता येतील. मात्र तीन महिन्यांच्या पिल्लाकडून संयमाची अपेक्षा ठेवू नका. जिथे तुपाचा वास दरवळतो आणि तबक त्याच्या नाकाच्या उंचीवर आहे, तिथे त्याने मोह आवरावा असे म्हणणे म्हणजे मांजरापुढे दुधाचे पातेले उघडे ठेवून तिच्या सद्गुणांची परीक्षा पाहण्यासारखे आहे. आधी चौरंगाच्या जागी भिंतीवर फळी ठोकून देवघर वर न्या, म्हणजे निम्मा प्रश्न सुटेल.

दुसरे, स्वयंपाकघराच्या दाराला फाटक लावा. लहान मुलांसाठी जिन्याला लावतात तसे चालते, फक्त गजांमधून पिल्लू निसटत असेल तर खालच्या भागाला जाळी बांधावी लागते. आम्ही सुरुवातीला नुसती आडवी फळी लावली होती आणि ती ओलांडताना माझ्या आईच्या हातातले कुकर पडता पडता वाचले, म्हणून आग्रहाने सांगते, घरात वयस्कर माणूस असेल तर उघडणारेच फाटक घ्या.

फाटकाच्या बाहेर, जिथून त्याला ओटा आणि माणसे दिसतील अशा जागी एक जुनी सतरंजी घाला. तो आपणहून तिच्यावर बसला की लगेच, अगदी त्याच क्षणी, खाऊचा कण त्याच्यापुढे ठेवा. उशीर झाला तर तो खाऊ कशाबद्दल मिळाला हे त्याला उमगत नाही. फाटकावरून मात्र काहीही देऊ नका, नाहीतर तो सतरंजी सोडून फाटकावर पाय ठेवून उभा राहायला शिकेल.

आता शब्दांविषयी. तुमच्याकडे सासूबाई ‘हाड’ म्हणत असतील, यजमान ‘डाऊन’, तुम्ही ‘खाली’, आणि मुलगी नुसतीच किंचाळत असेल. शिवाय मराठी घरात ‘नको’ हा शब्द पिल्लाला उद्देशून जितका उच्चारला जातो, त्याच्या कितीतरी पट भाजी नको, भात नको, पंखा नको अशा कामासाठी उच्चारला जातो. त्याच्या कानी तो दिवसभर पडत राहतो आणि निरर्थक होऊन जातो. म्हणून ‘जागेवर’ आणि ‘सोड’ असे दोनच शब्द ठरवा आणि फ्रिजवर कागद चिकटवा.

यजमानांना एक गोष्ट आवर्जून सांगा. पानातला तुकडा बंद केला की पहिले काही दिवस कुईकुई कमी न होता वाढते, आणि चौथ्या दिवशी कंटाळून एक तुकडा टाकला, तर चार दिवस रडले की पोळी मिळते एवढाच धडा भुंगा घेतो. द्यायचेच असेल तर जेवण आटोपल्यावर, त्याच्या भांड्यात द्यावे.

गोठ्यातला डॉक्टर (सातारा):

पशुवैद्य या नात्याने चावण्याविषयी लिहितो, कारण तिथेच बहुतेक घरांत गैरसमज होतो. या वयात पिल्लाच्या तोंडात २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवत असताना त्याला काहीतरी चावावेच लागते, त्यामुळे ओढणी सोडवून घेताना त्याच वेळी चावण्याचे रबरी खेळणे पुढे केले नाही, तर तो पुन्हा ओढणीकडेच वळेल. हाताला दात लागल्यास हात झटकू नये, कारण झटकलेला हात त्याला खेळ वाटतो. हात स्थिर ठेवावा, उठून फाटकापलीकडे जावे आणि अर्ध्या मिनिटाने शांतपणे परत यावे. हे पुष्कळ वेळा करावे लागते.

संध्याकाळचा धुडगूस हा बहुधा दमणुकीचा परिणाम असतो. पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते, आणि पाहुणे, टीव्ही व शाळेतून आलेली मुलगी या सगळ्यांत ती पुरी होत नाही. सहाच्या सुमारास त्याला शांत कोपऱ्यात झोपवून पाहा. वर्तमानपत्राची गुंडाळी मात्र आजच रद्दीत टाका. ती पाहून तो चावणे सोडत नाही, सासूबाईंच्या हाताला भिऊ लागतो.

फुलवातींच्या बाबतीत तुमचे दैव बलवत्तर होते. कापूस, दोरा किंवा लोकर आतड्यात अडकली तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. प्रसादातील मनुका-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात आणि कांदा-लसूणही त्याला वर्ज्य आहे, म्हणजे स्वयंपाकघराची बंदी ही नुसती सोवळ्याची बाब नाही, हे यजमानांना पटावे. तसेच लसीकरण पुरे झाले नसेल तर त्याला अनोळखी कुत्र्यांच्या जागी जमिनीवर सोडू नका. मात्र कडेवर घेऊन रस्ता, रिक्षा, प्रेशर कुकरची शिट्टी हे सारे जरूर दाखवा-ऐकवा, कारण साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पाहिलेल्या गोष्टींची त्याला पुढे सहसा भीती वाटत नाही.

जुना वाडा (रत्नागिरी):

वरील दोघांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण फाटकाचे कौतुक थोडे जास्त झाले. आमच्या कोकणातल्या घरी तीन पिढ्यांत कुत्र्याने माजघराचा उंबरठा ओलांडला नाही, आणि तिथे कधी फाटक नव्हते. आजोबांपासून गड्यापर्यंत प्रत्येकाने त्याला त्याच ठिकाणी अडवले, एवढेच त्यामागचे रहस्य. अर्थात तिथे कुत्र्याच्या वाट्याला पडवी, अंगण आणि आख्खी वाडी होती. फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर काढून घेतलेत, तर हॉलमधला एक कोपरा पूर्णपणे त्याच्या मालकीचा असू द्या, आणि तो तिथे झोपला असताना मुलीनेही त्याला उचलू नये. मर्यादा त्याला असते तशी आपल्यालाही असावी. बाल्कनीत कोंडणे हा उपाय नव्हे.

अंथरुणाचा निर्णय मात्र आजचे पिल्लू पाहून करू नका. देशी कुत्रा वाढून १५ ते २० किलोचा होतो आणि जून महिन्यात त्याचे चारही पाय चिखलाचे असतात. तेव्हाही तो पांघरुणात चालणार असेल तर आता खुशाल घ्या. चालणार नसेल तर आजपासून पलंगाशेजारी खाली त्याची गादी घाला, म्हणजे रात्री मुलीचा हात त्याच्यापर्यंत पोहोचेल.

निशिगंध (पुणे):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुताराला फाटकाचे माप दिले आहे आणि देवघर काल भिंतीवर गेले. सासूबाईंनी गुंडाळी स्वतःच रद्दीत टाकली. ‘जागेवर’ हा शब्दही त्यांनाच सर्वांत आधी सवयीचा झाला, इतका की काल त्यांनी तो यजमानांनाही ऐकवला. मुलीने फ्रिजवरच्या कागदावर चौघांची नावे लिहून चुकांचा हिशेब मांडला आहे. आज रात्री पानाखालून पोळीचा तुकडा सरकवताना तिने बाबांना पकडले आणि पहिली फुली त्यांच्या नावापुढे पडली.