दादाची मिरजेची तपासणी आता व्हिडिओ कॉलवर. चालेल का?

माणदेशी_धाकटा (म्हसवड), मे २०२१

दादाला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार. मिरजेच्या डॉक्टरांकडे बरीच वर्षं उपचार चालू आहेत आणि लिथियमच्या गोळ्यांवर तो चांगला होता. पण एप्रिलपासून जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागतो, शिवाय मिरजेत जिकडं बघावं तिकडं कोरोनाचे पेशंट. डॉक्टर म्हणाले, व्हिडिओ कॉलवर बघतो.

कॉल झाला. आमचं घर दोन खोल्यांचं. आई शेजारी बसलेली, पोरं मोबाइलमध्ये तोंड घालून उभी. डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" वहिनी आतनंच म्हणाली, "चांगली लागते की!" दादानं मान हलवली. खरं म्हणजे तो रात्री दोनला उठून डाळिंबाची मोटर चालू करायला निघतो, तेही लाइट नसताना. हे डॉक्टरांना कोण सांगणार? त्याच्यादेखत मला बोलवेना.

वर इथला मेडिकलवाला म्हणतो, मोबाइलवरची चिठ्ठी चालत नाही. फोनवरच भागवावं की पास काढून मिरज गाठावी?

कृष्णाकाठ

सरळ मिरजेला जा. दवाखान्याच्या कारणासाठी पास मिळतो. मनाचा आजार मोबाइलवर काय दिसणार, कपाळ?

कोरेगावची_काकू

कृष्णाकाठ, कपाळसुद्धा धड दिसत नाही, रेंज गेली की नुसता आवाज उरतो. तरी वर्षभर यांचा स्किझोफ्रेनिया आम्ही असाच सांभाळलाय. डॉक्टर जुने असतील, पेशंटला ओळखत असतील, तर फोनवर जमतं. नवा पेशंट असता तर मीही जा म्हटलं असतं.

धाकट्या भाऊ, कॉल घरात घेऊच नका. आमचे हे शेडमध्ये बसून बोलतात, मी बाहेर. आधी ते एकटे, मग शेवटची पाच मिनिटं मी. झोप, जेवण, गोळी चुकली का, पैसे कुठं उधळले का, हे वहीत लिहून आदल्या दिवशी डॉक्टरांना पाठवते, आणि यांना सांगून पाठवते. चोरून कळवलं की माणूस गोळ्याच बंद करतो.

दादांना कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात पुढं धरायला लावा, बोटं फाकवून. थरथर दिसते. चालताना झोक जातोय का, तेही दाखवा.

आणि रात्री दोनची मोटर पुढच्या कॉलपर्यंत ठेवू नका. आजच कळवा.

विट्याचा_औषधवाला

मेडिकलवाल्याला सांगा, केंद्राने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची नियमावली काढलीय. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख असलेल्या चिठ्ठीचा फोटो चालतो. अल्प्राझोलमसारखी नशेच्या कायद्यात येणारी औषधं मात्र फोनवर लिहून देता येत नाहीत. लिथियम त्यात येत नाही. तरीही तो अडला तर भांडू नका, दुसऱ्या दुकानात जा.

पण लिथियमची खरी अडचण चिठ्ठीची नाही, रक्ताची आहे. रक्तातलं लिथियम किती (लेव्हल), किडनी आणि थायरॉइड कसे आहेत, हे फोनवर कळत नाही. नमुना रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचा, सकाळची गोळी त्यानंतर. दहिवडीला लॅब असेल तर रिपोर्टचा फोटो मिरजेला पाठवता येईल.

माणचं ऊन, त्यात मे महिना. घाम फार गेला, जुलाब-उलट्या झाल्या की लेव्हल चढते. मीठ एकदम तोडू नका. ताप आला तर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनानं देऊ नका, त्यानंही चढते, पॅरासिटामॉल चालतं. हात जास्त थरथरले, जीभ जड झाली, तोल जायला लागला, तर गोळी थांबवून लगेच जवळच्या दवाखान्यात न्या. तिथं कॉलची वाट बघायची नाही.

कृष्णाकाठ

एवढं सगळं करायचं तर मिरज जवळ पडेल.

कोरेगावची_काकू

तुम्ही न्या मग गाडीनं. पेट्रोल तुमचं.

माणदेशी_धाकटा

काकू, दादाला सांगून मोटरचं डॉक्टरांना कळवलं. तो चिडला, पण "कळव" म्हणाला. कॉल उद्याच ठेवलाय, बागेत. सकाळी दहिवडीला रक्त देऊन येतो. वहिनीला बाजूला बसवायचं काम आईकडं दिलंय, माझं ती ऐकत नाही.