स्वाधारचे भाड्याचे पैसे कोणाच्या खात्यात येतात?

प्रश्न: भावाला छत्रपती संभाजीनगरात शासकीय वसतिगृह मिळालं नाही, खोली भाड्याने घेतली आहे. स्वाधार योजनेची (शासकीय वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची मदत) रक्कम घरमालकाला जाते का?

उत्तर 1: नाही, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. संभाजीनगरसाठी वर्षाला 51,000 : भोजन 28,000, निवास 15,000, निर्वाह 8,000. म्हणजे भाड्याचे महिन्याला 1,250 च धरा. पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, त्यामुळे डिपॉझिट आणि सुरुवातीचं भाडं आधीच जमवून ठेवा.

उत्तर 2: अडतं ते आधारपाशी. अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहा, पैसे जातात आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत. मोबाईलवरून कुठलं पेमेंट बँक खातं उघडलं असेल तर तिकडेच! यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे ते, आजच बघा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंगचा फॉर्म भरा. नुसतं केवायसी म्हणजे सीडिंग नव्हे.

उत्तर 3: भाडेकरारावर भावाचंच नाव हवं, मित्राचं चालत नाही. कॉलेजची हजेरी 75 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. आणि योजना अनुसूचित जाती, नवबौद्धांसाठी आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. दाखला चालू वर्षाचा काढा.