सरकारला माझा पत्ता ठाऊक आहे, मग माझे पैसे मीच का शोधायचे?

रिकामटेकडी

परवा रात्री मुलं झोपल्यावर सहज म्हणून कॅलिफोर्नियाच्या स्टेट कंट्रोलरच्या साईटवर आम्हा दोघांची नावं टाकून पाहिली. बँका, कंपन्या, विमावाले यांच्याकडे मालकाविना पडून राहिलेले पैसे इथे राज्याच्या या कार्यालयात जमा होतात. माझ्या नावावर काही नाही. नवऱ्याच्या नावावर काही नाही. मग आठवलं, हा माणूस अमेरिकेत आल्यापासून कागदोपत्री तीन वेगवेगळी माणसं झालाय. एकदा आडनाव आधी, एकदा मधलं नाव गायब, आणि एकदा आडनावाच्या रकान्यात थेट सासऱ्यांचं नाव. तिसरा अवतार टाकला आणि सापडलं! दोन घरांपूर्वीच्या विजेच्या जोडणीचं डिपॉझिट, २१२ डॉलर.

क्लेम भरला, आयडी जोडलं, त्या जुन्या पत्त्याचं एक बँक स्टेटमेंट खोक्यातून शोधून काढलं तेही जोडलं. पैसे येतील. तक्रार ती नाहीच.

तक्रार ही आहे की गाडीच्या रजिस्ट्रेशनचं पत्र दर वर्षी आमच्या नव्या घरी बिनचूक येतं. राज्याचा टॅक्स आम्ही याच पत्त्यावरून भरतो. कर चार पैसे कमी भरला तर कुठेही राहायला जा, नोटीस घर शोधत येते. मग देणं असलं की पत्ता माहीत आणि घेणं असलं की "साईटवर शोधा" हे काय? राज्यं एकत्र येऊन चालवतात ती मिसिंगमनी नावाची साईट आहे, पण तिथेही शोधायचं आपणच. राज्यांच्या प्रशासकांची जी संघटना आहे तिचं म्हणणं, या देशात सातातल्या एका माणसाचे पैसे असे कुठेतरी पडलेले आहेत. त्यातल्या किती जणांना रात्री अकराला सासऱ्यांचं नाव टाकून बघायचं सुचणार आहे?

माझं मत: पैसे मालकाच्या दारात पोचवणं हे राज्याचं काम आहे. तुमचं?

खडूस_काका

साफ असहमत.

घर बदललंत तेव्हा वीज कंपनीला नवा पत्ता कळवला होतात का? नाही ना? मग राज्याने काय पाप केलं? हा कायदा नसता तर ते २१२ डॉलर कंपनीने कधीच पचवले असते. राज्याने ते कंपनीच्या घशातून काढून सांभाळून ठेवले. कॅलिफोर्नियात क्लेमला मुदत नाही. दहा वर्षांनी या, तीस वर्षांनी या, तुमच्या पोरांनी यावं. एवढी मुभा दुसरं कोण देतं?

आणि पत्त्याचं म्हणाल तर राज्य अगदीच हातावर हात ठेवून बसत नाही. २००७ साली फेडरल कोर्टाने कॅलिफोर्नियाचा हा सगळा कारभारच थांबवला होता, मालकांना नीट कळवत नाही म्हणून. त्यानंतर कायदा बदलला. आता पैसे राज्याकडे येण्याआधी कंट्रोलरचं कार्यालय टॅक्स खात्याकडून ताजा पत्ता मागवतं आणि पत्र धाडतं. तुम्ही जे मागताय ते बऱ्यापैकी आहेच. जाहिरातीची पत्रं म्हणून फाडून टाकत असाल तर दोष कुणाचा?

हिशेबनीस

मी एका कंपनीत हेच काम करते, म्हणजे दुसऱ्या टोकाला. दर वर्षी न वटलेल्या चेकांची यादी काढायची, पत्रं पाठवायची, उरलेलं राज्याला कळवायचं. बहुतेक राज्यांची तारीख १ नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे कुणी सुट्टी मागत नाही.

काका, टॅक्स खात्याकडून पत्ता मागवतात हे खरं. पण ते जुळवतात सोशल सिक्युरिटी नंबरावरून, म्हणजे इथल्या आधारसारख्या क्रमांकावरून, आणि तो आम्ही कळवला असेल तरच. पगाराच्या चेकला तो असतो. डिपॉझिटला, रिफंडला, दुकानाने परत केलेल्या पैशांना कुठून असणार? तिथे आमच्याकडे असतं नाव आणि शेवटचा पत्ता, बस. कायद्याने आम्हीही पत्र पाठवतो, कॅलिफोर्नियात ५० डॉलर किंवा जास्त रक्कम असेल तर. ते जातं त्याच जुन्या पत्त्यावर, जिथून चेक परत आलाय. माझ्या टेबलावर परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा असतो, पिवळं लेबल चिकटवलेला. खालून पाकीट सरकवलं की वरचं घसरतं.

पण राज्य म्हणजे साधूपुरुष नव्हे, हेही सांगते. पैसे कुठल्या राज्याला जायचे याचा नियम सुप्रीम कोर्टाने १९६५ साली टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी खटल्यात घालून दिला: मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याला. पत्ताच नसेल तर कंपनी जिथे नोंदलेली, त्या राज्याला. आता शेअर बाजारातल्या अर्ध्याहून जास्त कंपन्या नोंदलेल्या डेलावेअरमध्ये. त्या चिमुकल्या राज्याच्या बजेटला या बेवारस पैशांचा मोठा टेकू आहे. ते ऑडिटला येतात तेव्हा मालक शोधायला येत नाहीत. जुनी वह्यापत्रं नसतील तर अंदाजाने आकडा काढतात. २०१६ साली एका फेडरल न्यायाधीशाने त्यांच्या या अंदाजपंचे पद्धतीवर फार कडक शब्दांत ताशेरे ओढले होते. मालक सापडला नाही तर ज्याचा फायदा, त्यालाच मालक शोधायला सांगायचं, ही खरी गोम आहे.

रिकामटेकडी

हिशेबनीस, नेमकं बोललात.

आणि काका, "सांभाळून ठेवले" म्हणताय, पण काय सांभाळलं? कॅलिफोर्निया व्याज देत नाही. शेअर असतील तर राज्याकडे आल्यावर साधारण दीड वर्षाने विकून टाकतात. मग तुम्ही कधीही या, मिळणार विकले त्या दिवशीचा भाव. ज्याने निवृत्तीसाठी घेऊन मुद्दाम हात न लावता ठेवले, त्याला "निष्क्रिय" ठरवून त्याचे शेअर फुंकायचे? आपल्याकडे शेअर घेऊन विसरणं हा गुण समजतात!

इंडियानात हेच झालं. बँकेतल्या व्याजाच्या खात्यातले पैसे राज्याने घेतले आणि परत देताना फक्त मुद्दल. २०१३ साली अपील कोर्टाने सांगितलं, व्याजही मालकाचंच. राज्य नुसतं राखणदार आहे ना? मग गायीबरोबर वासरूही परत करा.

राहिला "आपणहून कसे पाठवणार" हा प्रश्न. इलिनॉय पाठवतं. टॅक्सच्या नोंदींशी नाव-पत्ता ताडून पाहतात, आधी पत्र येतं, मग चेक. क्लेमच भरायचा नाही. एका राज्याला जमतं म्हणजे अशक्य नाही.

खडूस_काका

शेअरचा मुद्दा मान्य. कॅलिफोर्नियाच्या या कायद्याविरुद्धचा खटला २०१६ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्यांनी ऐकायला घेतला नाही, पण दोन न्यायमूर्तींनी वेगळं लिहून राज्यांच्या कळवण्याच्या पद्धतीबद्दल काळजी व्यक्त केली. तिथे मी तुमच्या बाजूने.

बाकी नाही. एका शहरात एस. जोशी किती असतील याचा विचार करा. चुकीच्या जोशीला चेक गेला की खरा जोशी राज्याच्या नावाने शंख करणार, आणि ते पैसे परत आणायला राज्य आणखी माणसं नेमणार. इलिनॉयसुद्धा आपणहून पाठवतं ते एकच मालक असलेल्या, सरळ रोख रकमा. भानगडीची प्रकरणं तिथेही अर्जानेच. पुराव्याची कटकट आहे म्हणून तुमचे पैसे तुमचेच राहतात.

परतलेला

मी भारतात परत आलोय, अकरा वर्षं झाली. आमच्यासारख्यांचा विचार या धाग्यात कुणी केलेला दिसत नाही.

माझ्या नावावर एका राज्यात शेवटच्या पगाराचा फरक पडून आहे. हवाय काय, तर त्या काळातला पत्ता दाखवणारा कागद. दोन बॅगा घेऊन परतलेला माणूस युटिलिटीचं बिल घेऊन येतो का? शेवटी जुन्या ईमेलमध्ये डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला, सापडला, त्यावर पत्ता होता म्हणून निभावलं. आता पुढचा प्रश्न: राज्य पाठवणार कागदी चेक, डॉलरमधला. तो वटवायला माझ्या बँकेने हात वर केलेत.

म्हणून म्हणतो, ते "तुमचे पैसे शोधून देतो" वाले फाइंडर असतात त्यांना सरसकट लुटारू म्हणू नका. शून्यापेक्षा नव्वद टक्के बरे.

हिशेबनीस

नव्वदच का, शंभर घ्या. अर्ज फुकट आहे, फाइंडर तोच अर्ज भरतो. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये त्याची फी १० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, न्यू यॉर्कमध्ये १५. कुणी "तिसरा हिस्सा" म्हणाला तर नमस्कार करून फोन ठेवा. आणि आधी पैसे भरा म्हणणारा फाइंडर नव्हेच, तो भामटा. राज्य स्वतः क्लेमसाठी दमडी मागत नाही.

वाचणाऱ्यांसाठी अवांतर: पासपोर्टवर नाव एकाच रकान्यात असलेल्यांनी पहिल्या नावाच्या जागी "एफएनयू" (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) टाकूनही पाहा. हसू नका. माझ्या यादीत दर वर्षी दोन-तीन असतात.

खिडकी_क्रमांक_३

मी एका शहराच्या फायनान्स खात्यात काम करते. आतापर्यंत सगळे राज्याबद्दल भांडताय. राज्य त्यातल्या त्यात बरं आहे.

शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) यांच्याकडचे पैसे त्या साईटवर असतीलच असं नाही. कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थेचा कायदाच वेगळा. तीन वर्षं कुणी आलं नाही तर आम्ही स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे नोटीस छापतो. पहिल्या नोटिशीनंतर ४५ ते ६० दिवसांमधली एक तारीख दिलेली असते. त्या तारखेपर्यंत क्लेम आला तर ठीक, नाहीतर पैसे शहराचे. कायमचे. काका म्हणतात ती तीस वर्षांची मुभा इथे नाही.

काय असतं त्या यादीत? बांधकामाच्या परमिटचं डिपॉझिट. पार्कातला हॉल मुंजीला घेतला होता त्याचं डिपॉझिट. पार्किंगचा दंड दोनदा भरलेला. पाण्याच्या बिलात उरलेली शिल्लक. छोट्या कंत्राटदारांचे न वटलेले चेक.

पण रिकामटेकडी, प्रत्येकाच्या मागे धावा म्हणाल तर मी तुमच्या विरुद्ध. खात्यात आम्ही चार माणसं. चौदा डॉलरच्या चेकसाठी मी दोन फोन आणि एक पत्र केलं की त्या चौदापेक्षा जास्त खर्च शहराचा, म्हणजे तुमचाच. तरी पाचशेच्या वरच्यांना मी फोन करते. निम्मे लोक मला भामटी समजून फोन ठेवतात.

वाचनमात्र

पाच वर्षं नुसता वाचतोय, आज लिहितो.

"खर्च परवडत नाही" हे चौदा डॉलरला ठीक. काउंट्यांनी पंचवीस हजारांनाही तेच केलंय. मिनेसोटात हेनेपिन काउंटीने टायलर आजींचा फ्लॅट थकलेल्या करापायी घेतला. कर होता सुमारे २,३०० डॉलर, दंड-व्याज धरून १५,००० झाले. फ्लॅट विकला ४०,००० ला, आणि वरचे २५,००० काउंटीने ठेवून घेतले. २०२३ साली सुप्रीम कोर्टाने एकमताने आजींच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या.

कॅलिफोर्नियात अशी वरची रक्कम मागता येते, पण नव्या मालकाचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, नोंदल्यापासून १ वर्षाच्या आत. घर गेलेल्या माणसाला पत्र कुठे पाठवणार? बहुधा त्याच घरी.

खडूस_काका

टायलर प्रकरणात काउंटी चूक होती, त्यावर नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकत्र आले तिथे मी कोण. पण ते घेणेकऱ्याने जास्त लाटणं झालं. पडून राहिलेला चेक ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एका टोपलीत घालू नका.

रिकामटेकडी

खिडकी क्रमांक तीन यांचं वाचून आमच्या शहराच्या साईटवर गेले. "फायनान्स", मग "नोटिसा", मग एक पीडीएफ, सतरा पानी, स्कॅन केलेली, तिरकी. शोधाची सोय नाही. दोन्ही मुलांना एकेक पान वाटून दिलं, वर्गात हजेरी घेतात तसं.

धाकटीला सापडलं. स्वयंपाकघर वाढवलं तेव्हाचं परमिटचं डिपॉझिट, ५०० डॉलर. नाव नवऱ्याचंच, पण पुन्हा सासऱ्यांच्या नावाने. आणि पत्ता? आम्ही आत्ता राहतो तोच! ज्या घराचं परमिट त्याच घरी आम्ही अजून राहतोय, पाण्याचं बिल हेच शहर दर दोन महिन्यांनी इथे पाठवतं. काका, आता सांगा, मी कुणाला पत्ता कळवायचा राहिला?

नोटिशीतली शेवटची तारीख येत्या मंगळवारची आहे. फॉर्म टपालाने पाठवा असं लिहिलंय.

खडूस_काका

राज्याबद्दलचे मतभेद कायम. शहराबद्दल शब्द मागे घेतो.

टपालाच्या भरवशावर राहू नका. उद्या सकाळी फॉर्म आणि परमिटची पावती घेऊन स्वतः खिडकीवर जा, आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खिडकी_क्रमांक_३

आणि लग्नाचा दाखला नको, नवऱ्यालाच घेऊन या. शुक्रवारी अनेक शहरांतली आमची कार्यालयं बंद असतात, तेवढं आधी बघा.