शब्दचर्चा: पायगुण, पनवती, अवदसा आणि खेळाच्या बातम्या

बिंदूचौक: मॅच हरली की कमेंटमध्ये ‘पांढऱ्या पायाची’, ‘पनवती’, ‘अवदसा’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकलेले दिसतात. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि यातला पुरुषाला कुठला लागतो?

दंडपट्टा: एकच नाही. आधी ‘पायगुण’ घ्या. हा मुळात तटस्थ शब्द. नवी सून, नवं जनावर, नवजात मूल घरात आल्यावर जे बरंवाईट घडतं ते त्याच्या पावलांच्या खात्यावर मांडायचं. बरं झालं तर ‘लक्ष्मीच्या पावलांनी आली’, वाईट झालं तर ‘पांढऱ्या पायाची’. व्याकरणाला ‘पांढऱ्या पायाचा’ही चालतो, पण जावयाला तसं म्हणताना सहसा ऐकू येत नाही, कारण घर बदलून येते ती सून. शब्दाला दोनच गोष्टी लागतात: बाहेरून आलेली व्यक्ती आणि ती आल्यानंतर झालेलं नुकसान. कारण दाखवावं लागत नाही, क्रम पुरतो. प्रेक्षकांत बसलेली बाई हे दोन्ही आयतं पुरवते.

२६ मार्च २०१५, सिडनी, विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलिया ३२८, त्यात स्मिथच्या १०५. भारत सर्वबाद २३३, ९५ धावांनी हार. कोहली १३ चेंडूंत १ धाव करून जॉन्सनला बाद. खापर फुटलं ते सामना बघायला आलेल्या अनुष्का शर्मावर. तिचं कोहलीशी लग्न डिसेंबर २०१७ मधलं, म्हणजे सून व्हायच्या पावणेतीन वर्षं आधीच पायगुण चिकटला. स्मिथच्या शतकाला कुणाचा पायगुण होता ते मात्र कुणी विचारलं नाही.

पंचगंगाकाठ: ‘पनवती’ वेगळी. ती शनीच्या साडेसातीची, अडीचकीची. मूळ शब्द काळाला लागतो, माणसाला नंतर चिकटला. नाम स्त्रीलिंगी असलं तरी ‘तो पनवती आहे’ हे सर्रास चालतं.

‘अवदसा’ म्हणजे अवदशा, वाईट दशा. ‘त्याला अवदसा आठवली’ हे बाप्याला, बाईला, कुणालाही म्हणता येतं. ‘अवदसा कुठली!’ मात्र फक्त बाईला. पहिल्या वाक्यात ती दशा आहे, दुसऱ्यात ती बाईच होऊन बसते.

तालमीचीमाती: भावांनो, आपल्या घरचा शब्द इसरला. मर्दानी. कोल्हापुरातल्या मर्दानी खेळात पोरी लाठी फिरवतात, दांडपट्टा चालवतात, आणि बातमी येते ‘मर्दानी मुली’. बऱ्याच जणांना वाटतं मर्दाना पुल्लिंगी, मर्दानी स्त्रीलिंगी. मराठीत तसं न्हाई. ‘मर्दानी खेळ’ला ‘मर्दानी’ हाय आणि ‘मर्दानी पोशाख’लाबी ‘मर्दानी’च. शेवटची ई लिंगाची नव्हं. अर्थ एकच, पुरुषी.

दंडपट्टा: बरोबर. म्हणून ‘मर्दानी’ म्हटलं की शाबासकी आणि ‘पुरुषी’ म्हटलं की टोमणा, असं का, हा खरा प्रश्न. धातुपाठ तोच, सूर वेगळा.

पंचगंगाकाठ: धातुपाठ नको, तो क्रियापदांचा. ‘शब्दार्थ तोच’ म्हणा.

बिंदूचौक: ‘कोल्हापूरची कन्या’चं काय? तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण घेतलं, तरी कन्याच?

पंचगंगाकाठ: त्यावर रागावण्यात अर्थ नाही. स्वप्निल कुसाळेला २०२४ मध्ये ऑलिंपिकचं कांस्य मिळालं तेव्हा तोही ‘सुपुत्र’च होता. गावाला लेक म्हणायची हौस असते, दोघांनाही म्हणतं. फरक त्याच्या पुढच्या वाक्यात घुसतो: ‘संसार सांभाळून’, ‘पतीच्या पाठिंब्यामुळे’. तो हरला तर ‘भावुक’, ती हरली तर ‘रडू कोसळलं’. उपसंपादकासाठी साधी चाचणी: नाव काढून पुरुषाचं घाला, क्रियापदं बदला, मोठ्यानं वाचा. हसू आलं तर ते वाक्य कापा.

आणि ‘महिला फलंदाज’ दरवेळी कशाला? क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीला सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत बॅट्समनचं बॅटर करावं लागलं. आपला फलंदाज, गोलंदाज, नेमबाज, कर्णधार दोघांनाही चालतो. ‘फलंदाज बाद झाली’ एवढ्यात सगळं कळतं.

तालमीचीमाती: क्रियापदावरनं पैलवान इनेशचं, म्हंजे विनेश फोगाटचं घ्या. पॅरिस २०२४, ५० किलो गट. ६ ऑगस्टला तीन कुस्त्या जिंकली, ७ ला सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली, अपात्र. लोकांनी लिवलं ‘वजन वाढवून बसली’. हितंच चूक. पैल्या दिवशीचं वजन झालं की ताकदीसाठी खाणं-पाणी आत जातंयच, वजन वाढतंयच. सांजच्याला २.७ किलो वर होतं. अवघड काम म्हंजे रातीत ते उतरवणं. म्हणून ‘वाढलं’ बरोबर, ‘वाढवलं’ चूक, ‘उतरलं न्हाई’ सगळ्यात नेमकं.

दंडपट्टा: म्हणजे अकर्मकाचं सकर्मक केलं की घटनेचा गुन्हा होतो. त्याच स्पर्धेत पैलवान अमन सेहरावतनं १० तासांत ४.६ किलो उतरवले, ती ‘जिद्द’ झाली. पण न्यायानं बोलायचं तर २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, झाग्रेबला, तो १.७ किलोनं जास्त भरला तेव्हा त्यालाही ‘बेजबाबदार’ ऐकावं लागलं. विनेशच्या १०० ग्रॅममध्ये मात्र २०२३ चं कुस्तीगीरांचं जंतरमंतरचं आंदोलनही लोकांनी टाकून मोजलं.

बिंदूचौक: अवांतर: आपल्या कोल्हापूरकडं बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. बातमीत खेळाडू मुलीचं तेच वाक्य ‘मी जाते’ करून छापावं का?

तालमीचीमाती: नगं. अवतरणचिन्हात घालायचं तर बोलली तसं. न्हाईतर चिन्हं काढा आणि सोताच्या भाषेत लिवा.

बिंदूचौक: शेवटचं. कुस्तीचा किताब ‘महिला महाराष्ट्र केसरी’? सांगलीत २०२३ ला प्रतीक्षा बागडी पहिली ठरली. केसर म्हणजे आयाळ, ती तर सिंहिणीला नसते. ‘केसरिणी’ करायचं का?

पंचगंगाकाठ: संस्कृतात होईल, पण किताबाला लिंग लावू नका. ‘पद्मश्री’तली श्री स्त्रीलिंगी आहे, पुरुष मिरवतातच की.