पावसाळ्याआधी स्विफ्टचे चारही टायर बदलायचेत, मदत हवी आहे

गाडी २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल, व्हीएक्सआय. साइझ १६५/८० आर१४, साधे स्टील रिम, ट्यूबलेस. कंपनीतून आलेलेच टायर अजून आहेत. नक्षी झिजून १.६ मिमीच्या खुणेपर्यंत (टायर बदलायची मर्यादा) यायला थोडी बाकी आहे, पण साइडवॉलला बारीक भेगा दिसतात, म्हणून चारही बदलणार.

वापर: रोज पुण्यात ऑफिस, आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीमार्गे माणगाव. पावसात घाटातली ओली वळणं हाच खरा प्रश्न. शंभरच्या वर गाडी जात नाही, त्यामुळे हायस्पीडचे गुण नकोत. बजेट फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून वीस हजार.

तीन दुकानं फिरलो. एकाने अपोलो अमेझर सुचवला, दुसऱ्याने सिएट मायलेझ, तिसरा म्हणतो एमआरएफशिवाय बघूच नका (त्याच्याकडे बोर्डही त्याचाच आहे!). जास्त किलोमीटर चालणारे टायर ओल्यात कमी पकडतात असं ऐकलंय, आणि भाव सांगताना त्यावर कुणीच बोलत नाही. एकाने १८५/७० आर१४, म्हणजे जरा रुंद टायर टाका म्हणून आग्रह केला. व्यासात फरक जेमतेम ५ मिमी, हे मी काढून पाहिलं. पण मायलेज आणि स्टिअरिंगचं काय?

रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले) किंवा जुने टायर नकोत. उत्पादनाचा आठवडा-वर्ष मी बघून घेईन.

या साइझचा टायर किमान दोन पावसाळे घाटात वापरलेल्यांनी सांगा: ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, आणि १८५ वर जाण्यात खरंच फायदा आहे का?