फोन काढून घेणं हा उपाय नाही
निवासी संस्थेत राहणाऱ्या मुलीला तिचा मित्र (बॉयफ्रेंड) मारतो असं कळल्यावर तिचा फोन काढून घ्यावा, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. शिक्षा तिलाच होते आणि पुढच्या वेळी ती काहीच सांगत नाही. तिच्याशी एकटीशी बोला, नेमकं विचारा: तो पासवर्ड मागतो का? नाही म्हटल्यावर काय करतो? गुपित ठेवण्याचं वचन मात्र देऊ नका. कुणाला कळवावं लागेल ते आधीच सांगा. गळा दाबला असेल तर खूण दिसत नसली तरी लगेच डॉक्टरांकडे न्या, आतली सूज उशिरा वाढू शकते. धमकीचे मेसेज तारखेसह जपा. दोघं एकाच संस्थेत असतील तर खोली आणि जेवणाची वेळ मारणाऱ्याची बदला, तिची नव्हे. त्यालाही समुपदेशन हवंच. अनेकदा त्यानेही घरात हेच सोसलेलं असतं.