मदत हवी आहे : घर घेतल्यावर आलेली दोन जादा टॅक्स बिलं

नमस्कार मंडळी,

मार्चमध्ये फ्रीमाँटला (अलामेडा काउंटी, कॅलिफोर्निया) घर घेतलं. आमचं पहिलंच. आता सप्लिमेंटल (नेहमीच्या बिलावर जादा येणाऱ्या) प्रॉपर्टी टॅक्सची दोन बिलं एकदमच आली आहेत आणि आम्ही दोघं पार गोंधळलोय.

मला समजलंय ते असं : १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ (मतदारांनी मंजूर केलेला कॅलिफोर्नियाचा कायदा) मुळे प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर १ टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत करपात्र किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते. आधीचे मालक खूप वर्षं इथे होते, म्हणून त्यांचा कर अगदी कमी. आमच्या खरेदीने किंमत नव्याने ठरली, त्या फरकाचं हे बिल. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, म्हणून एक बिल या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचं आणि दुसरं पुढच्या पूर्ण वर्षाचं. बरोबर ना?

अडलंय ते इथे. कर्जाच्या हप्त्यातून दरमहा टॅक्सचे पैसे कापले जातात, पण बँक म्हणते ही बिलं तुमची तुम्ही भरा. कोणाच्या बँकेने भरलीत का? उशीर झाला तर १० टक्के दंड आहे, त्यामुळे झोप लागत नाही.

शिवाय मेलो-रूसची (काही वस्त्यांत स्थानिक सोयींसाठी लागणारा खास कर) वेगळी रक्कम कुठे बघायची? राहत्या घराची, करपात्र किमतीतली ७,००० डॉलरची सूट या बिलांनाही लागते का?

आणि नव्याने ठरलेल्या किमतीविरुद्ध ६० दिवसांत अपील केलेलं कोणी असेल तर कृपया जरूर सांगा, कागद कोणते जोडले ते.